घोड्याची खोड कोणी सांगावी?

हैदराबादेहून मुंबईस जाणारा राजरस्ता मूसापेठ ओलांडून कुकटपल्लीत शिरतो. आज त्या रस्त्यावर मेट्रोचा पूल उभा आहे आणि दोन्ही बाजूंस दुकानांची दाटी आहे. तरीही लग्नसराईच्या रात्री त्याच पुलाच्या खांबांशेजारून एखादी सजविलेली पांढरी घोडी, पाठीवर नवरदेव आणि पुढे मरफ्याचा दणदणाट, अशी संथपणे चाललेली दिसते. पाहणारा नवरदेवाकडे पाहतो. लगाम धरून चालणाऱ्या मालकाकडे कोणाचे लक्ष जात नाही. अशाच एका घोडीवाल्याने काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत येऊन जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांस कायद्याच्या इतिहासाची बरीच पाने उलटावी लागली. त्या शोधाचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

हे गृहस्थ मूळचे नांदेडकडील. वरातीला घोडी देणे हाच त्यांचा चरितार्थ. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, आणि त्या यात्रेतील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तेथे त्यांनी एक घोडी घेतली. दात पाहिले, खूर उचलून पाहिले, अंगावरचे भोवरे तपासले. विकणारा व्यापारी गुणांविषयी थोडके बोलला. दोषाविषयी काहीच बोलला नाही. घोडी कुकटपल्लीस आली आणि पहिल्याच वरातीत वाद्ये वाजू लागताच बुजून मागच्या दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव थोडक्यात बचावला. मागाहून कळले की, ही खोड जुनीच होती. आमच्यासमोर बसून ते म्हणाले, “साहेब, तो माणूस खोटं बोलला नाही. पण खरंही बोलला नाही. मग चुकलं कोणाचं?”

ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो, आणि योगायोग असा की तो ते घोड्याच्याच दृष्टान्ताने शिकतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 17 वे कलम कपटाची व्याख्या करते. निव्वळ मौन हे कपट नव्हे, असे सांगून ते दृष्टान्त देते. ‘अ’ हा ‘ब’ यास लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे ‘अ’ यास ठाऊक आहे. तो काहीच बोलत नाही. हे कपट नव्हे. पुढचा दृष्टान्त मात्र निराळा. घेणारी ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि ‘ब’ने ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ असे म्हटले व ‘अ’ गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासमान होते.

तो कायदा रचला गेला त्या काळी घोडा हे रोजच्या व्यवहारातले जनावर होते. म्हणून त्याच्या पानापानांत घोडे बांधलेले आहेत. सौद्याच्या वेळी घोडा मेलेला असून ते दोघांसही ठाऊक नसेल, तर करार रद्द. द्वाड घोडा त्याचा स्वभाव न सांगता दुसऱ्यास वापरावयास दिला आणि स्वार पडून जखमी झाला, तर देणारा जबाबदार. काशीस जाण्यासाठी भाड्याने घेतलेला घोडा कटकेस नेला आणि तो अपघाताने पडला, तर स्वाराने कितीही काळजी घेतलेली असो, भरपाई त्यालाच द्यावी लागते. वाचकांनी एक विसंगती ध्यानात घ्यावी. घोडा उसना देणाऱ्याने दोष सांगितलाच पाहिजे. विकणाऱ्याने मात्र गप्प राहिले तरी चालते.

आम्ही हे समजावून सांगितले, तेव्हा ते गृहस्थ काही वेळ स्वस्थ बसले. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला: “म्हणजे पुढच्या यात्रेत मीही घोडी घेऊन गप्प उभा राहिलो, तर मला कोणी धरणार नाही?” कायद्याने ह्याचे उत्तर ‘बहुधा नाही’ असे होते. ते आमच्या तोंडून चटकन निघेना.

आमच्या पूर्वजांनी ह्या प्रश्नाचा विचार केला नव्हता काय? केला होता, आणि तो कुकटपल्लीवरून जाणाऱ्या ह्याच रस्त्याच्या काठाशी लिहिला गेला होता. ह्या रस्त्याने पश्चिमेस जाता जहीराबादेनंतर हुमनाबाद लागते. तेथून थोडे पुढे, रस्त्यापासून किंचित आत, चालुक्यांची कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण आहे. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (1076 ते 1126) विज्ञानेश्वराने तेथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचली, आणि पुढे इंग्रजी न्यायालयांनीही वारसाहक्काच्या प्रश्नांत तिला प्रमाण मानले. वारसाहक्कासाठी सर्वांस ठाऊक असलेल्या त्या ग्रंथात खरेदी-विक्रीचाही विचार आहे. घेतलेली वस्तू पारखून पाहण्यास याज्ञवल्क्याने मुदती घालून दिल्या आहेत: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, रत्नास सात दिवस, दुभत्या जनावरास तीन दिवस, आणि वाहून नेणाऱ्या जनावरास पाच दिवस. लोखंडाचा कस एका दिवसात लागतो. जनावराची खोड ते कामाला लावल्यावाचून दिसत नाही. माळेगावच्या बाजारात शांत उभी असलेली घोडी वाजंत्र्यांपुढे कशी वागेल, हे दात मोजून कोणास कळणार? विक्रेत्याने बोलावे की नाही हा वाद स्मृतिकाराने घातलाच नाही. ग्राहकास पाच दिवस दिले आणि जनावरालाच बोलू दिले.

कौटिल्याने तर ह्याही पुढे जाऊन घोड्याची निगा राखणाऱ्यांचे दायित्व लिहून ठेवले आहे. अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाने प्रत्येक घोड्याचे कुळ, वय, वर्ण, खुणा आणि तो कोठून आला हे नोंदवावयाचे असते. विकत आलेला, युद्धात मिळालेला, तारण म्हणून ठेवलेला, असे वर्गही त्यात आहेत. औषधोपचारातील हयगयीने आजार बळावला, तर उपचारखर्चाच्या दुप्पट दंड; आणि औषधाच्या दोषाने विपरीत घडले, तर जनावराच्या किमतीइतका दंड. अश्ववैद्याच्या जबाबदारीचा असा स्पष्ट नियम इतक्या प्राचीन काळी लिहिला गेला, हे आम्हां वकिलांस चकित करणारे आहे.

खोड सांगण्याच्या प्रश्नाशी दुसरा प्रश्न जोडलेला आहे: घोडा दगावला, तर तोटा कोणाचा? आमच्या गोमंतकीय व कारवारी वाचकांस ह्याचा एक विलक्षण दाखला आपल्याच किनाऱ्यावर सापडेल. अरबस्तान आणि होर्मुझ येथील घोडे भटकळ व गोवा ह्या बंदरांत उतरत आणि विजयनगरास जात. समुद्रप्रवासात कित्येक मरत. फेर्नाव नुनीश ह्या पोर्तुगीज लेखकाने, जो स्वतः घोड्यांच्या व्यापारातला होता, साळुव नरसिंहाविषयी लिहून ठेवले आहे की, तो राजा घोडे जिवंत असोत वा मेलेले, विकत घेत असे. वाटेत मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखविली, तरी पूर्ण किंमत देत असे. ह्यात राजाचे औदार्य थोडे आणि गरज मोठी होती. कारण घोड्यावाचून राज्य टिकत नव्हते. म्हणून समुद्राचा धोका राजाने आपल्या शिरावर घेतला. पुढे 1547 साली पोर्तुगीजांनी विजयनगराशी तह करून गोव्यात उतरणारे घोडे विजापुरास न देता विजयनगरासच विकण्याचे मान्य केले. घोड्याचा बाजार हे तेव्हा दोन राज्यांचे राजकारण होते.

मराठी राज्यातही हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहिला. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. 1697 साली सभासदाने लिहिलेल्या बखरीत पागा बलवान करून शिलेदार पागेच्या हुकमतीखाली ठेवल्याचे सांगितले आहे, आणि पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचेही नमूद आहे. स्वाराइतकीच नालबंदाचीही गणना राज्याच्या हिशेबात होती. शिवछत्रपतींचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांस लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, ही त्यातील आज्ञा सर्वांच्या मुखी आहे. परंतु त्या पत्राचा मूळ विषय घोड्यांचा दाणावैरण हा आहे. आताच बेहिशेब उधळाल, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. घोडा सरकारचा, पण त्याच्या मरणाचा दोष सांभाळणाऱ्याच्या माथी, हा त्यातील न्याय.

शिलेदारी पद्धत इंग्रजी अंमलातही टिकली. निजामाच्या खर्चाने उभ्या असलेल्या हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ ह्याच पद्धतीचे होते, आणि त्याची बोलारम ही छावणी कुकटपल्लीपासून फार दूर नाही. स्वार आपला घोडा घेऊन येई किंवा त्याची किंमत भरून ‘असामी’ मिळवी. ती त्याची मालमत्ता असे. घोडा मेला, तर तो गरीब एकटा बुडू नये म्हणून शिलेदारी पलटणींत सर्व स्वारांच्या पगारातून चंदा गोळा होई आणि त्यातून नवा घोडा घेण्यास साहाय्य मिळे. विम्याची कल्पना सामान्यांच्या घरी पोहोचण्यापूर्वी घोडदळाच्या तळावर ती नांदत होती. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडली.

आता वर्तमानाकडे वळू. 1 एप्रिल 1951 पासून भारतीय करार कायदा व 1930 चा मालविक्री कायदा हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशास लागू झाले. ह्या दुसऱ्या कायद्यात आमच्या घोडीवाल्यास थोडा आधार सापडतो. 16 वे कलम असे की, घेणाऱ्याने आपला हेतू विक्रेत्यास कळविला, त्याच्या पारखीवर विसंबून माल घेतला आणि तो माल विकणे हा विक्रेत्याचा धंदाच असेल, तर माल त्या हेतूस योग्य असल्याची हमी कायदा गृहीत धरतो. 24 वे कलम तर पसंतीवर माल देण्याची सोय करते. ठरलेल्या मुदतीत नापसंती कळविली, तर माल परत. याज्ञवल्क्याचे पाच दिवस आजही जिवंत करता येतात. मात्र ते आपण होऊन मिळत नाहीत, करारात मागून घ्यावे लागतात.

मलकपेठच्या शर्यतीच्या घोड्यास वंशावळीचा कागद असतो. वरातीच्या घोडीजवळ बहुधा काहीच नसते. ना जन्माची नोंद, ना विक्रीची चिठ्ठी. कागद नसला की जबाबदारीही हातोहात निसटते. 2025 साली हैदराबादेहून 57 घोडे रस्त्याने जबलपुराकडे नेण्यात आले. त्यांपैकी कित्येक लवकरच दगावले, आणि प्रकरण मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयात गेले. 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1978 चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम असतानाही, मालक कोण, सांभाळणारा कोण, हेच प्रश्न अशा वेळी पुन्हा पुढे येतात. कौटिल्याच्या अश्वाध्यक्षाची वही अजून जुनी झालेली नाही.

असो. आमच्या पक्षकाराचे काय झाले, हे सांगून हा लेख पुरा करतो. सौद्याच्या वेळी ‘वरातीला घोडी हवी,’ असे ते नालबंदासमक्ष बोलले होते. तेवढ्या एका वाक्यावर आम्ही नोटीस पाठविली. व्यापाऱ्याने घोडी परत घेतली नाही. पण किमतीतील काही रक्कम मुकाट्याने परत केली. पुढच्या मार्गशीर्षात हे गृहस्थ तीच घोडी घेऊन माळेगावास गेले. गप्प उभे राहण्याची कायद्याने त्यांस मोकळीक होती. परत आल्यावर ते आम्हांस भेटले आणि म्हणाले, “साहेब, सांगून टाकलं. वाजंत्र्याला बुजते, एरवी गरीब आहे, असं म्हटलं. रानातल्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्यानं नेली. पैसे कमी आले.” थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “देव समोर घोड्यावरच बसलेला. त्याच्यापुढं घोड्याबद्दल कसं खोटं वागणार?”

नव्या घोडीची चिठ्ठी त्यांनी आमच्यासमोर ठेवली. तीत व्यापाऱ्याच्या सहीखाली लिहिले होते: पाच दिवस पसंतीवर.