रिळाच्या काठावरचा आवाज

जुन्या बोलपटाच्या रिळाचा तुकडा उजेडासमोर धरला, की चित्राच्या चौकटी आणि काठाची भोकं यांच्यामधे जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी दिसते. काही रिळांत तिच्यावर बारीक आडव्या काळ्या-करड्या रेघा असतात, तर काहींत तिची कडा कंगव्याच्या दातांसारखी कातरलेली असते. हाच त्या चित्रपटाचा आवाज. कोल्हापुरात कॅमेऱ्याला मोठा मान आहे. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी आपला कॅमेरा १९१८च्या सुमारास इथेच घडवला आणि खरी कॉर्नरला त्याचा मानस्तंभही उभा आहे. या पट्टीचं कूळ मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आवाज आणि प्रकाश दोन्ही लहरी, पण त्यांची जातकुळी अगदी वेगळी. आवाज म्हणजे हवेचं दबणं आणि सैल होणं. हवा, पाणी, लाकूड असं काहीतरी माध्यम असल्याशिवाय तो हलत नाही. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर. तिला माध्यम लागत नाही, म्हणून तर सूर्याचा उजेड पोकळीतून आपल्यापर्यंत येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि प्रकाश तीन लाख किलोमीटर, म्हणजे जवळपास नऊ लाख पट वेगाने. तानपुऱ्याचा सेकंदाला २५० कंपनांचा षड्ज हवेत सव्वा मीटरहून लांब लहर उठवतो. उजेडाची लहर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. लांब लहर आडोशाला वळसा घालते, आखूड लहर जवळपास सरळच जाते. म्हणूनच खांबाआडचा माणूस दिसत नाही, पण त्याचं बोलणं ऐकू येतं.

मग एकाला दुसऱ्यावर उतरवायचं कसं? १८७३ साली विलोबी स्मिथ यांनी दाखवून दिलं, की सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज अधिक सहज वाहते. १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी टेंटर यांनी बोलण्याने थरथरणाऱ्या आरशावरून ऊन परतवलं आणि ते पलीकडे सेलेनियमवर झेलून बोलणं पुन्हा ऐकलं. या पट्टीचं मूळ तिथे आहे: उजेड कमीजास्त करायचं आरशाचं काम इथे तिच्यावरच्या रेघा करतात. पुढे यूजीन लॉस्त यांनी आवाज फिल्मवर टिपण्याचं पेटंट घेतलं. १९२२ साली बर्लिनमधे ट्राय-एर्गॉनच्या तिघांनी आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधे ली डी फॉरेस्ट यांनी बोलती फिल्म लोकांना दाखवली.

१९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला. मूकपटवाल्यांना ऊन हवं असे, बोलपटवाल्यांना शांतता. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून ‘आलम आरा’चं बरंचसं चित्रण मध्यरात्रीनंतर, दिव्यांच्या उजेडात करावं लागलं.

कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. ध्वनीची बाजू विष्णुपंत दामल्यांकडे होती. हे दामले बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडदे रंगवत आणि यंत्रं जुळवत तयार झालेले. जन्मभर उजेडाशी खेळलेल्या माणसाने आवाज हाती घेतला, हा मला कोल्हापूरच्या चित्रपट इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो.

तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोरच गात आणि साथीदार चौकटीबाहेर, देखाव्याच्या आडोशाला बसत. तिथून त्यांचा उजेड भिंगापर्यंत पोचत नसे, सूर मात्र वळसा घालून मायक्रोफोनपर्यंत जाई. कॅमेऱ्याच्या घरघरीचं उलट होतं. ती अडवायला कॅमेरा जाड पेटीत बंद करत आणि पुढे काच लावत. काचेतून चित्र जातं, घरघर आत राहते. दोन लहरींमधला फरक अशा रीतीने रोजच्या कामाचं हत्यार झाला.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरे. हात थोडा मंदावला तरी डोळा चालवून घेतो. कान घेत नाही, सूर लगेच उतरतो. म्हणून मोटर आली आणि सेकंदाला २४ चौकटी हा वेग ठरला. या वेगाने सेकंदाला सुमारे ४५ सेंटिमीटर फिल्म सरकते आणि हवेतला तो सव्वा मीटरहून लांब षड्ज पट्टीवर दोन मिलिमीटरहूनही कमी जागेत मावतो. प्रोजेक्टरमधे चित्र चौकटीगणिक थबकत जातं, पण आवाजाला थबकणं चालत नाही. म्हणून तो वाचणारा दिवा पुढे, फिल्म संथ सरकते तिथे बसवलेला असतो आणि आवाज आपल्या चित्राच्या वीसेक चौकटी पुढे छापलेला असतो. फिल्म मधेच कापली, की चित्र एकाचं आणि बोल दुसऱ्याचे हरवतात ते यामुळेच.

१९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तरी कोल्हापूर आणि आसपासच्या जुन्या घरांत, बंद पडलेल्या थिएटरांत अजूनही रिळांचे डबे सापडू शकतात. तुमच्याकडे असा डबा असेल तर तो भंगारात घालू नका, तुकडे कापून वाटू नका. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते, म्हणून डबा उन्हापासून आणि विस्तवापासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.