खांबाला बांधलेला माणूस, खाटेला बांधलेला माणूस

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तिथे नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या काही भागांत आपण किल्ले, पेठा, जुन्या बारवा असं फिरत होतो. आजचा इतिहास जवळचा आहे. इतका जवळचा, की त्यातला एक माणूस रोज संध्याकाळी आमच्या पडवीत खुर्ची टाकून बसलेला असतो. माझे चुलते, आप्पा. हा भाग करू का, असं त्यांना विचारलं तर म्हणाले, "कर. खांबाचं बी सांग. फक्त बांधणारांची नावं घेऊ नको."

तर खांबापासूनच सुरुवात.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. पारनेर म्हटलं की राळेगणसिद्धी आलंच. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावात परतले, तेव्हा राळेगणची ओळख दोनच गोष्टींनी होती : पाणी नाही आणि दारू आहे. तीसहून जास्त भट्ट्या होत्या. शेतात पिकत नव्हतं, मग भट्टी हाच धंदा. यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती झाली, तरुण मंडळ उभं राहिलं, मंदिरात सगळ्यांसमोर दारूबंदी ठरली आणि बऱ्याच भट्टीवाल्यांनी आपल्या हाताने भट्ट्या मोडल्या. नशाबंदी ही राळेगणच्या पंचसूत्रीतली एक गोष्ट; बाकीच्या चार म्हणजे श्रमदान, नसबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी.

भट्ट्या मोडल्या तरी पिणारे शिल्लक होतेच. त्यांना आधी समज, मग देवळात शपथ, आणि तरी कुणी झिंगत आला तर खांबाला बांधून फटके. अण्णांनी हे कधी लपवलं नाही. आई आजारी पोराला कडू औषध पाजते तसं हे, असं त्यांचं म्हणणं. २०११च्या आंदोलनानंतर देशभरच्या चॅनेलांवर यावर वाद झाले, पण आमच्याकडे ती गोष्ट तोवर जुनी झाली होती. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्याकडच्या बायकांना विचाराल, तर बऱ्याच जणी आजही म्हणतील, चांगलंच केलं. त्यांचं मी खोडून काढणार नाही. ज्या पोरांनी अजून ग्लास हातात धरला नव्हता, त्यांच्यासाठी गावात दारूच नसणं हा फार मोठा बदल होता.

प्रश्न आहे तो आधीच अडकलेल्या माणसाचा.

राळेगणचं बघून आसपासच्या गावांनीही तसंच करायला घेतलं. आमच्याही. १९८८च्या सुमारास आप्पा पंचविशीत होते, तेव्हा त्यांना चावडीसमोर विजेच्या खांबाला बांधलं. फटके दोनच बसले म्हणतात. आज्जी समोर उभी होती. त्यानंतर आप्पांनी आठ महिने दारूला हात लावला नाही, आणि नवव्या महिन्यात सुरू केली ती हायवेच्या धाब्यावर, एकट्याने. आधी चारचौघांत प्यायचे, आता लपून. गावाच्या हिशेबी आप्पा सुधारलेले होते. हा हिशेब पंचवीस वर्षं चालला.

२०१४ साली मी बारावीत होतो. घरच्यांनी ठरवलं, आता बास. आप्पांना मागच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पहिल्या दिवशी हात थरथरले, दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. जीप करून नगरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी आधी आम्हालाच झापलं.

त्या रात्री मला एक नवा शब्द कळला : डिलिरियम ट्रेमेन्स. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली, तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मेंदूचा तोल सुटू शकतो. भास होतात, फिट येते, माणूस दगावूही शकतो. त्यासाठी औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, सगळं ठरलेलं आहे. म्हणजे आमच्या कडीने आप्पा गेले असते. खांबाच्या वेळी ते वाचले, कारण तेव्हा शरीर तरुण होतं. एवढंच.

आता इथून एकदम अमेरिकेत जातोय. कारण तिथेही एक माणूस बांधलेला होता.

१९३५चा जून. ओहायो राज्यातलं ॲक्रन गाव, तिथलं सिटी हॉस्पिटल. एका वकिलाला खाटेला पट्ट्यांनी बांधून ठेवलं होतं. दारूच्या भरात त्याने नर्सना मारलं होतं. त्याच्या खाटेजवळ दोन माणसं येऊन बसली. एक न्यूयॉर्कचा शेअर दलाल, बिल विल्सन. दुसरा त्याच गावातला सर्जन, डॉ. बॉब स्मिथ, ज्याची शेवटची दारू १० जूनला झाली होती. म्हणजे तो स्वतःच जेमतेम सावरत होता. या दोघांनी त्या वकिलाला उपदेश केला नाही. आपण कसे प्यायचो ते सांगितलं. तो वकील म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, ए.ए.चा, तिसरा सभासद. तो त्या खाटेवरून उठला आणि मरेपर्यंत प्यायला नाही.

ही गोष्ट सांगताना लोक एक माणूस विसरतात. विल्सन स्वतः न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये उपचार घेऊन आला होता आणि तिथले डॉ. सिल्कवर्थ दारूला पाप नाही, आजार म्हणायचे. सुरुवातीला विल्सन भेटेल त्या दारुड्याला आध्यात्मिक प्रवचन द्यायचा. एकही टिकला नाही. सिल्कवर्थनीच त्याला सांगितलं, प्रवचन बंद कर, आधी या आजाराची गत काय होते ते सांग. दारुड्यानेच दारुड्याला सावरायचं, ही एवढी गाजलेली कल्पना चालू लागली ती एका डॉक्टरने मार्ग दुरुस्त केल्यावर. मला तर हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात भारी भाग वाटतो.

पुढे मिनेसोटात याची रीतसर घडी बसली. विल्मर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात, १९५०च्या दशकात, डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन यांनी सावरलेल्या व्यसनींना पगारी समुपदेशक म्हणून घेतलं. १९५४मध्ये राज्य सरकारने त्यासाठी वेगळं पदच तयार केलं. अट डिग्रीची नव्हती. मी बीटेक असूनही इंटरव्ह्यूत तीनदा नापास झालेला माणूस आहे, मला हे वाचून बरं वाटलं.

आपल्याकडे मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले. आणि मग पुणे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. चालवणाऱ्या होत्या डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा, अवचट. त्या त्याच रुग्णालयात डॉक्टर होत्या. सुरुवातीपासून डॉ. आनंद नाडकर्णींसारखे मानसोपचारतज्ज्ञ सोबत होते, आणि हळूहळू तिथेच बरे झालेले लोक कार्यकर्ते, समुपदेशक म्हणून काम करू लागले. पस्तीस दिवसांचा मुक्काम, बायकांसाठी 'सहचरी' गट, घरी गेल्यावर पाठपुरावा. १९९७मध्ये सुनंदाताई कर्करोगाने गेल्या, पण काम थांबलं नाही. आज त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर ते बघतात.

आता हे दोन्ही एकत्र का लागतं? एकटा सावरलेला माणूस प्रेमाने शेजारी बसेल, पण फिट आली तर त्याला काही करता येणार नाही. नैराश्य आणि व्यसन एकत्र आलेलं असेल तर "मी सोडली, तूही सोड" हे वाक्य चक्क घातक ठरू शकतं. उलट एकटा डॉक्टर औषध देईल, पण रात्री साडेदहाला तलफ आली की फोन कुणाला करायचा? आणि डॉक्टरशी सगळेच खोटं बोलतात. आप्पांनी डॉक्टरांना "आठवड्यातून दोनदा घेतो" असं सांगितलं होतं. पुण्याच्या ज्या केंद्रात त्यांना पुढे ठेवलं, तिथल्या समुपदेशकालाही तेच सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मी पण असंच सांगायचो." तो स्वतः बारा वर्षांपूर्वी तिथेच पेशंट होता.

आकडा हवा असणाऱ्यांसाठी : २०२०मध्ये कॉक्रेनचा एक आढावा आला, २७ अभ्यास, साडेदहा हजारांवर माणसं. त्यात तज्ज्ञांनी पेशंटला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलं, तेव्हा वर्षभराने ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त होते. इतर उपचारांत ३५ टक्के. फरक प्रचंड नाही. पण बघा, ४२ म्हणजे अर्ध्याहून जास्त तरीही घसरले.

आप्पाही घसरले. सात महिन्यांनी, एका लग्नात. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी कडी शोधायच्या आधी आप्पांनीच नगरच्या मीटिंगमधल्या एका माणसाला फोन केला. तो एसटीने आला, पडवीत बसला, चहा प्यायला. दोघं काय बोलले माहीत नाही. संध्याकाळी आप्पा त्याच्याबरोबर डॉक्टरकडे गेले. तेव्हापासून आजपर्यंत प्यायलेले नाहीत. दर आठवड्याला मीटिंगला जातात आणि गोळ्यांची चिठ्ठी खिशात असते.

गेल्या महिन्यात मी घरून काम करत होतो. दुपारी एक म्हातारे गृहस्थ पडवीत आले. कोण ते मला माहीत होतं, गावात सगळ्यांनाच माहीत आहे. अठ्ठ्याऐंशी साली दोर त्यांच्या हातात होता. आता त्यांचा धाकटा मुलगा पितो. बराच वेळ ते पावसाबद्दल आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. मग म्हणाले, "पोराला तुझ्या मीटिंगला घेऊन जाशील का?"

आप्पांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर हात थरथरत्यात का त्याचे?"

ते म्हणाले, "हो."

"मग आधी दवाखाना," आप्पा म्हणाले. "उद्या सकाळी सातच्या एसटीला या. मी बी येतो."