रात्री तलावात डोंगा आणि वर वादळ: मोबाईल नेमका कुठे कामाला येतो? संपूर्ण माहिती

आपल्या वडसा-देसाईगंज भागात पाणी काही कमी नाही. एका बाजूला वैनगंगा, पलीकडे ब्रह्मपुरी. वर गोंदिया जिल्ह्यात गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. नागभीडकडे घोडाझरी. आणि गावोगावी माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. मासेमारीसाठी, शेतावर जाण्यासाठी किंवा नुसती मजा म्हणून कोणी ना कोणी रोज डोंग्यात बसतंच. आता प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन असतो आणि त्यामुळे एक गैरसमज तयार झालाय: "काही झालं तर फोन आहे ना!"

मी मोबाईलवरच लिहितो, तरी सुरुवातीलाच सांगतो. पाण्यात जीव वाचवणाऱ्या गोष्टींत फोनचा नंबर तिसरा आहे. पहिला लाइफ जॅकेटचा, दुसरा उलटलेल्या डोंग्याला धरून राहण्याचा. पण डोंगा पाण्यात ढकलण्याआधी मात्र फोनसारखं दुसरं साधन नाही. हा फरक नीट समजून घेऊया.

आधी तीन खऱ्या घटना

वेणा जलाशय, नागपूर (9 जुलै 2017): रविवारची संध्याकाळ, एका नावेत 11 जण. पाण्यातून फेसबुक लाइव्ह आणि सेल्फी सुरू होते. नाव उलटली आणि 8 जण बुडाले. फोन हातात होता, चालूही होता.

उजनी जलाशय (21 मे 2024): करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे बोट निघाली होती. संध्याकाळी अचानक वादळी वारा सुटला आणि बोट उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जणांचा जीव गेला.

गणपूर, चामोर्शी तालुका (23 जानेवारी 2024): ही आपल्याच वैनगंगेतली घटना. मिरची तोडायला निघालेल्या महिलांचा डोंगा उलटला आणि सहा महिला बुडाल्या. तेव्हा पावसाळा नव्हता, रात्रही नव्हती.

म्हणजे दिवसा, शांत पाण्यातही डोंगा उलटतो. त्यात अंधार आणि वारा आला तर चुकीला जागाच उरत नाही.

वाऱ्यात डोंगा का उलटतो?

मोठ्या तलावावर वाऱ्याला अडवायला झाडं-घरं नसतात. जितकं लांब मोकळं पाणी, तितकी लाट मोठी होते. उथळ तलावात या लाटा आखूड आणि उभ्या येतात, एकामागोमाग एक. आपल्या डोंग्याची कड पाण्यापासून मुळातच थोडी वर असते. दोन माणसं जास्त बसली की ती आणखी खाली जाते. मग पाणी आत येतं, ते एका बाजूला जमतं, घाबरून कोणीतरी उभं राहतं आणि डोंगा कलंडतो.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग भरून येतात आणि संध्याकाळी वादळ सुटतं. दिवसभर हवा शांत होती म्हणून रात्री शांत राहील, असं समजू नका.

निघण्याआधी: फोनवर 10 मिनिटांचं काम

1. मौसम ॲप. हे भारतीय हवामान विभागाचं ॲप. यात 'नाउकास्ट' म्हणजे पुढच्या साधारण तीन तासांचा इशारा मिळतो. हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे रंग असतात. माझा नियम सोपा आहे: पिवळा दिसला तरी रात्री पाण्यात जायचं नाही. मोठ्या जहाजासाठी पिवळा म्हणजे "लक्ष ठेवा" असेल, डोंग्यासाठी तो "थांबा" समजा.

2. दामिनी ॲप. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेलं. तुमच्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का, हे नकाशावर दाखवतं. लोकेशनची परवानगी दिली नाही तर ते काहीच कामाचं नाही.

3. सचेत ॲप. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. पूर, वीज, वादळ यांचे सरकारी इशारे येतात, मराठीतही.

4. फ्लडवॉच इंडिया. केंद्रीय जल आयोगाचं हे ॲप ऑगस्ट 2023 मध्ये आलं. नदीची पातळी आणि पुराचा अंदाज यात मिळतो. वैनगंगेसाठी हे महत्त्वाचं, कारण आपल्या वर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरण आहे, 33 दरवाजांचं. वडशाला पाऊस नसला तरी वर पाणी सोडलं की इथली नदी फुगते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेला पूर ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडची गावं अजून विसरलेली नाहीत.

5. ऑफलाइन नकाशा. गूगल मॅप्समध्ये आपला भाग डाउनलोड करून ठेवा आणि ज्या घाटावरून निघताय तिथे पिन टाका. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, तो थेट उपग्रहाकडून सिग्नल घेतो. ढग किंवा पावसानेही त्याचं फारसं बिघडत नाही. नेट नसताना पहिल्यांदा ठिकाण सापडायला जास्त वेळ लागतो, इतकंच. म्हणून काठावर असतानाच मॅप एकदा उघडा.

6. लाइव्ह लोकेशन. व्हॉट्सॲपवर घरच्या एका माणसाला 8 तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवा. मध्येच नेटवर्क गेलं तरी शेवटचं ठिकाण त्याच्याकडे दिसतं. सोबत साधा मेसेज टाका: "आम्ही तिघं, अमुक घाटावरून निघालो, 9 वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळव." ही एक ओळ कुठल्याही ॲपपेक्षा भारी आहे. मात्र तो माणूस झोपाळू नसावा!

फोनला पाण्यापासून वाचवणं

"माझा फोन आयपी 68 आहे, पाण्यात काही होत नाही," असं बरेच जण सांगतात. थांबा. ही चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात होते. वाहत्या, गाळाच्या पाण्याची ती हमी नाही. आणि फोन चालू राहिला तरी तो तळाशी जातो, त्याचं काय?

- झिप-लॉकवाला वॉटरप्रूफ पाउच घ्या. आधी त्यात कोरडा कागद ठेवून बादलीत बुडवून बघा. कागद ओला झाला तर पाउच बाद.
- पाउचमध्ये थोडी हवा राहू द्या. फोनसकट तो तरंगतो का, हेही बादलीतच बघा.
- पाउचची दोरी लाइफ जॅकेटला बांधा, डोंग्याला नाही.
- ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, पाण्याखाली तर नाहीच. म्हणून बटणाने चालणारी एसओएस सोय आधीच लावून ठेवा.
- पाण्याखाली मोबाईलचा सिग्नलही जात नाही आणि जीपीएसही मिळत नाही. फोन पाण्याबाहेर, शक्य तितका उंच धरावा लागतो.

एसओएस कसं लावायचं?

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये 'सेफ्टी आणि इमर्जन्सी' असा भाग असतो. तिथे 'इमर्जन्सी एसओएस' चालू करा आणि नंबर 112 आहे का ते तपासा. मग पॉवर बटण पाच वेळा पटापट दाबलं की कॉलची तयारी सुरू होते. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरतात. घरी आजोबांकडे साधा बटणाचा फोन असेल तर त्यांनाही सांगा: 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये 5 किंवा 9 चं बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागावा, असा नियम आहे. सेटिंग तपासताना खरा कॉल लावू नका, तिकडे खरा माणूस बसलेला असतो.

स्वतःच्या सिमला रेंज नसेल आणि स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' दिसत असेल, तरी 112 लावून बघा. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. मध्येच कॉल तुटत असेल तर घरी एसएमएस पाठवा. कमकुवत सिग्नलवर कॉल टिकत नाही तिथेही एसएमएस कधीकधी निघून जातो.

आणि हो, आयफोनवरून उपग्रहाला मेसेज पाठवण्याचे व्हिडिओ बघून भुलू नका. ती सेवा ठरावीक देशांतच चालते.

112 ला काय सांगायचं?

घाबरलेला माणूस "लवकर या, लवकर या" एवढंच ओरडतो. हा क्रम पाठ करा:

1. तालुका, गाव, नदी किंवा तलावाचं नाव.
2. जवळची खूण: घाट, मंदिर, पूल, धरणाची भिंत.
3. किती माणसं, किती पाण्यात, जॅकेट किती जणांना.
4. नकाशावरचे अक्षांश-रेखांश, आकडे दोनदा वाचून.

आकड्यांचं गणितही समजून घ्या. 20.62, 79.96 असं सांगितलं तर देसाईगंजचा परिसर कळतो, पण चूक एखाद्या किलोमीटरपर्यंत असू शकते. दशांश चिन्हानंतर चार आकडे सांगितले तर जागा साधारण 10 मीटरपर्यंत नेमकी होते. अंधारात माणूस शोधताना हा फरक फार मोठा आहे.

पाण्यात असताना वारा सुटला तर

फोन आत ठेवा. शूटिंग बंद. मग:

- सगळ्यांनी खाली, डोंग्याच्या तळाशी बसा. कोणीही उभं राहायचं नाही, जागा बदलायची नाही.
- लाट आडवी अंगावर घेऊ नका. डोंग्याचं तोंड लाटेकडे, थोडं तिरकं ठेवा.
- जो काठ सुरक्षितपणे सर्वांत लवकर गाठता येईल, तिकडे जा. गाडी पलीकडे लावली आहे म्हणून वाऱ्याविरुद्ध वल्हवत बसू नका. गाडी सकाळीही मिळेल.
- डबा किंवा तांब्याने पाणी उपसत राहा.

वीज: चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. 30 सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत आहे, काठाला लागा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पुन्हा पाण्यात नाही. फोनमुळे वीज ओढली जात नाही. मोकळ्या पाण्यावर तुम्हीच सगळ्यांत उंच असता, धोका तो आहे.

उजेड: डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि फोनच्या पांढऱ्या स्क्रीनने ती एका क्षणात मोडते. म्हणून ब्राइटनेस सगळ्यात कमी ठेवा. टॉर्च वल्हवणाऱ्याच्या डोळ्यांवर मारू नका. मदत मागायची असेल तर टॉर्च तीनदा छोटी, तीनदा मोठी, तीनदा छोटी अशी चमकवा. सोबत शिट्टी ठेवा, तिला चार्जिंग लागत नाही. काठावरच्या माणसाने मोटारसायकलचा हेडलाइट घाटावर एकाच जागी चालू ठेवला तर परतणाऱ्यांना दिशा मिळते.

डोंगा उलटला तर

डोंगा सोडू नका. लाकडी डोंगा उलटा झाला तरी बहुधा तरंगतो, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा डोंगा लवकर दिसतो. अंधारात काठ जवळ वाटतो, पण अंतराचा अंदाज हमखास चुकतो. आधी माणसं मोजा, एकमेकांना धरा, शिट्टी वाजवा. मग फोन.

जॅकेट नाहीच मिळालं तर घट्ट झाकणाचा 10 लिटरचा रिकामा कॅन प्रत्येकी एक, दोरीसकट ठेवा. तो पाण्यात साधारण 10 किलोचा आधार देतो. पण हात सुटला की आधारही सुटतो, त्यामुळे जॅकेटची बरोबरी त्याला नाही.

काठावर असलेल्यांनी पाण्यात उडी मारू नये. बांबू पुढे करा, दोरी, ट्यूब, रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. 108 ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि सीपीआर सुरू करा: छातीवर 30 दाब, तोंडाने 2 श्वास, पुन्हा तेच.

थोडक्यात

वादळातली सगळ्यात सुरक्षित बोट म्हणजे काठाला बांधलेली बोट. मौसम आणि दामिनी बघून "आज नको" म्हणणं, हाच स्मार्टफोनचा खरा स्मार्ट वापर. आपले ढिवर बांधव पिढ्यान् पिढ्या आभाळ बघून हे ठरवत आले आहेत. त्यांच्यातला कोणी "आज पाण्यात उतरू नका भाऊ" म्हणाला आणि ॲप हिरवं दाखवत असलं, तरी मी त्याचंच ऐकेन.

आज रात्रीच घरातल्या प्रत्येक फोनमध्ये एसओएस चालू करून टाका. आणि जो मित्र डोंग्यात बसून रील बनवतो, त्याला हे नक्की वाचायला द्या.