डुकरीण : निवड-पैदास, दूध व पिलांची वाढ

पैदाशीसाठी पिढ्यानपिढ्या ठरावीक गुणांचीच जनावरे राखल्याने डुकरिणीच्या दुधावर व पिलांच्या वाढीवर होणारा परिणाम. डेन्मार्कमधील नोंदी भरपूर व सलग असल्याने पुढील माहिती मुख्यतः तेथील लँडरेस व यॉर्कशायर जातींची आहे.

तेथे विसाव्या शतकात दीर्घकाळ निवडीचा रोख ब्रिटिश बाजारातील बेकनवर होता : लांब अंगाचे, पाठीवर चरबी कमी असलेले डुक्कर. १९९० नंतर वेतातील पिलांची संख्या हा निकष झाला. पिले वाढली, तशी मृत जन्मणारी व पहिल्या काही दिवसांत दगावणारीही वाढली. म्हणून २००४ पासून पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिले मोजून निवड होऊ लागली. संख्यावाढीपेक्षा हा बदलच अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. आज तेथे वेतागणिक सरासरी १७ हून अधिक पिले जिवंत जन्मतात. सड मात्र बहुधा १४ ते १६ असतात.

दूध : गाईप्रमाणे डुकरिणीच्या सडात दूध साठून राहत नाही. सुमारे तासातासाने पान्हा फुटतो व तो १०–२० सेकंदच टिकतो. त्या वेळी सड न मिळालेले पिलू उपाशी राहते. प्रत्येक पिलू दोन-तीन दिवसांत आपला सड ठरवते. न चोखलेला सड आटतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दूध सर्वाधिक, दिवसाला १० लिटरच्या पुढे असते. पिले वाढली की एकूण दूध वाढते, पण प्रत्येकाचा वाटा घटतो. पिलू १ किलो वाढण्यास सुमारे ४ किलो दूध लागते.

चीक : वारेतून प्रतिपिंडे पिलापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवसाचा चीक अत्यावश्यक. मोठ्या वेतात जन्मवजन कमी व विषम असते. हलकी पिले चिकाला मुकतात.

कमी चरबीच्या निवडीने काही वंशांत डुकरिणीची भूक मंदावली. अशी मादी, विशेषतः पहिलटकरीण, अंगावरचे मांस झिजवून दूध देते; पुढचा माज लांबतो. पिलांच्या मरतुकीत निवडीचा वाटा किती व व्यवस्थेचा किती, याविषयी मतभेद आहेत.



जादा पिले दुसऱ्या दुभत्या डुकरिणीखाली लावतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार २८ दिवसांपूर्वी पिलांचे दूध तोडता येत नाही. स्वतंत्र, निर्जंतुक केलेली जागा असल्यास २१ दिवसांची सवलत आहे.