वाजीकरणाचा आहार आणि सातपुड्याची मुसळी

वाजीकरण हा शब्द उच्चारताच आज मनात येते ती चूर्णाची पुडी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय मात्र वाचकाला प्रथम पाकशाळेत नेतो. या अध्यायाचे चार पाद आहेत. दूध, तूप, उडीद, साठीचा तांदूळ, मांसरस व साखर ही द्रव्ये त्यांत पुनःपुन्हा येतात. तिसऱ्या पादाचा आरंभ तर माषपर्णीच्या पाल्यावर पोसलेल्या गाईपासून होतो. औषधाची सिद्धता गाईच्या वैरणीपासून सुरू करणारा हा विचार आहारशास्त्राचाच म्हटला पाहिजे. त्यामागील हेतूही मुख्यतः अपत्यप्राप्तीचा होता. निरपत्य पुरुषाला तेथे सावली नसलेल्या, एकाच फांदीच्या वृक्षाची उपमा दिलेली आहे.

आधुनिक जाहिराती या परंपरेला 'हार्मोन वाढविणारी' म्हणतात. हा कालविपर्यास होय. 'हार्मोन' ही संज्ञा स्टार्लिंगने १९०५ साली रूढ केली आणि टेस्टोस्टेरोन प्रथम वेगळे काढले गेले १९३५ साली. आहाररसापासून क्रमाने घडणाऱ्या सात धातूंपैकी शेवटचा तो शुक्र. त्याचे रक्तातील एका द्रव्याशी समीकरण मांडणे दोन्ही शास्त्रांना अन्यायकारक आहे.

मग मुसळी पुढे आली कशी? सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मुसलीचे गुण सांगितले आहेत. परंतु ती वनस्पती नेमकी कोणती, याविषयी एकवाक्यता नाही. काळी मुसळी वेगळी; उत्तरेत सफेद मुसळी म्हणून विकले जाते ते पुष्कळदा शतावरीच्या कुळातील एका जातीचे मूळ. महाराष्ट्रात सफेद मुसळी म्हणून परिचित असलेल्या वनस्पतीला सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये शास्त्रीय नाव दिले आणि त्यात बोरिवलीचे नाव गोवले. म्हणजे बाजारातील द्रव्य जुने, त्याची शास्त्रीय ओळख मात्र अलीकडची! तिच्या गुणांचा पुरावाही बव्हंशी उंदरांवरील प्रयोगांचा आहे. माणसांवरील चाचण्या थोड्या व लहान आहेत.

ही मुसळी सातपुड्याच्या पानझडी रानांतही उगवते, आणि येथे या इतिहासाचा दुसरा पदर उलगडतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा व अक्राणी हे डोंगराळ तालुके येतात. वस्ती प्रामुख्याने भिल्ल व पावरा समाजांची. पावसाळ्यात मुसळीच्या कोवळ्या पानांची भाजी होते. पाने वाळल्यावर मुळ्या खणून, सोलून, वाळवून विकल्या जातात. मागणी वाढली की बी धरण्यापूर्वीच खणती होते आणि पुढील वर्षीचे रान रिते राहते. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाल्यावर लागवडीला उत्तेजन मिळाले खरे. तथापि रानातून मुळी खणणाऱ्याला त्याचा लाभ आपोआप होत नाही.

याच जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या संदर्भात शासकीय अहवालांतून वारंवार येते. ज्या शास्त्राने पौरुषाचा पाया भरल्या ताटात पाहिला, त्याच्या नावाने विकली जाणारी मुळी अशा घरांतून बाहेर पडते, जेथे दूधतूप हे नित्याचे अन्न नाही. उडीद मात्र याच मुलखात खरिपात पिकतो, आणि भाकरीबरोबर त्याची डाळ आजही तेथे शिजते.