विमानातून सायकल न्यायची आहे? तिकिटाआधी हा हिशेब मांडा

बेळगाव : गोव्यातल्या आयर्नमॅन ७०.३ शर्यतीला इंदूर, हैदराबादहून येणारे असोत, की लेहला उतरून मनालीपर्यंत सायकल हाणणारे. विमानानं सायकल नेणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव असा की तिकीट ऑफरमध्ये मिळतं आणि काउंटरवर सायकलीचा आकडा त्याच्या वर जातो. हा आकडा येतो कुठून, ते आधी समजून घेतलेलं बरं.

देशांतर्गत विमानांच्या बहुतेक साध्या भाड्यांत चेक-इनचं सामान १५ किलो, आणि बऱ्याचदा एकच नग. हायब्रिड सायकल साधारण १४ किलोची. पुठ्ठ्याचा खोका, पंप, पाने धरून १८ होतात. कपड्यांची बॅग ८ किलोची असली, तर एकूण २६. म्हणजे ११ किलो जादा. किलोला ५०० रुपये धरले तरी ५,५०० रुपये, आणि येताना पुन्हा तेवढेच. शिवाय नग दोन झाले, त्याचे वेगळे लागू शकतात. काही कंपन्या खेळाच्या सामानाचा ठरावीक आकारही लावतात. २०१६ मध्ये डीजीसीएनं १५ ते २० किलोपर्यंतच्या जादा सामानाला किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ती रद्द केली. तेव्हापासून दर कंपनीच्या मर्जीवर आहे.

जादा वजन ऑनलाइन आधी घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. पण इथंच लोक फसतात. किलो विकत घेतले म्हणजे खोका घेतलाच जाईल असं नाही. सामानाच्या लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १५८ सेंटीमीटर ही सर्रास वापरली जाणारी मर्यादा आहे. सायकलीचा खोका १४० बाय ८० बाय २५ म्हणजे २४५ भरतो. त्यामुळे तिकीट काढण्याआधी कंपनीला माप कळवून ईमेलवर होकार घ्यावा. फोनवरचं ‘हो सर, चालेल’ काउंटरवर कुणी मानत नाही. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर असेल तर पैसे देऊनही साधारणपणे घेत नाहीत, कारण ते उचलणारा माणूस असतो.

बेळगावकरांना आणखी एक अडचण. सांबऱ्याला एटीआर, एम्ब्रेअर अशी छोटी विमानं येतात. त्यांची सामानाची जागा आणि दरवाजा दोन्ही लहान, म्हणून होकार त्याच विमानासाठी आहे ना, हे विचारावं. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये खोका सोडवून पुन्हा द्यावा लागतो आणि आकारही दुसऱ्यांदा भरावा लागतो.

‘मग कार्गोनं पाठवू’ म्हणणाऱ्यांनी तिथलं गणितही बघावं. कार्गोत वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. वरच्या खोक्याचं घनफळ २,८०,००० घन सेंटीमीटर. त्याला ६,००० नं भागलं की जवळपास ४७ किलो. सायकल १८ किलोची, बिल ४७ चं!

खोका सायकलच्या दुकानात बऱ्याचदा फुकट मिळतो. पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे विसरून अनेकांनी आटे घालवलेत. टायरची हवा कमी करायला सांगतात. हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी घरीच ठेवावीत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. ई-सायकलचा विषय तर इथंच संपतो : १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची साधी बॅटरीसुद्धा ३६० भरते.

खरी जोखीम मात्र भाड्यात नाही, मोडतोडीत आहे. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं किंवा मोडलं तर विमान कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंतच. कार्बन फ्रेमची सायकल दीड-दोन लाखांची असते. चेक-इनच्या वेळी जादा पैसे भरून किंमत जाहीर करायची सोय आहे का, ते विचारावं, नाहीतर वेगळा विमा काढावा. बांधण्याआधी आणि खोका बंद केल्यावर फोटो घ्यावेत. पट्ट्यावरून खोका आला की तिथंच उघडून बघायचा. फोर्क किंवा गिअरचा हँगर वाकलेला दिसला तर विमानतळाबाहेर पडण्याआधी लेखी तक्रार करून प्रत घ्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात तुटफुटीच्या लेखी तक्रारीला सात दिवसांची मुदत असते, पण बाहेर पडल्यावर ‘घरी मोडली असेल’ हे ऐकावं लागतं.

परदेशी जाताना बऱ्याच भाड्यांत २३ किलोचा नग मिळतो. काही कंपन्या सायकल त्यातच धरतात, काही ठरावीक रक्कम घेतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारख्या १,२०० किलोमीटरच्या राइडला जाणाऱ्यांनी तिकिटाची किंमत या रकमेसकट ताडून बघावी. दहा हजारांनी स्वस्त वाटलेलं तिकीट तिथं महाग निघू शकतं.

वेळ असेल तर रेल्वे स्वस्त. पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक करून सायकल ब्रेक व्हॅनमधून जाते, खोलावी लागत नाही. गाडी जिथं दोन मिनिटंच थांबते, त्या स्टेशनावर उतरवून घेण्याचं आधी विचारून ठेवावं.