नंदादीपात तेल कोण घालतं?



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची वार्षिक सभा झाली. मंचावरच्या पाहुण्यांना शाल-नारळ दिले, फोटो काढले. सभा संपली आणि आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो, तेव्हा गटातल्या एका आजीनं विचारलं, "बारा वर्षं जिनं गटाचं रजिस्टर लिहिलं, तिचं नाव कोण्या कागदावर आहे का?" ती बाई त्या वेळी मागे बसून चहाचे कप विसळत होती. आम्हाला उत्तर देता आलं नाही.

त्या प्रश्नावरून आज एका समाजाचा इतिहास सांगतो. तो कळमेश्वरपासून दूर, कोकणात सुरू होतो. पण त्याची भाषा आपलीच, मराठी.

रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, रोहे या भागात शेकडो वर्षांपासून ज्यू लोक राहत आले. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. गावावरून आडनावं पडली, म्हणून रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. घरात मराठी, अंगावर लुगडं, धंदा तेलघाण्याचा. त्यांच्या धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद असायचा, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे.

त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला सिनेगॉग म्हणतात. बेने इस्रायल लोक मात्र साधेपणानं मशीदच म्हणायचे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवी भागात झालं. त्याच्या नावाचा अर्थ 'दयेचं द्वार'. ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. ते इंग्रजांच्या फौजेत अंमलदार होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून जीव वाचला, म्हणून त्यांनी हा नवस फेडला असं सांगतात. त्यांचं नाव इतिहासात आहे, आणि ते असायलाच हवं.

पण इमारत एकदा बांधून होते. ती चालवावी मात्र रोज लागते. सिनेगॉगमध्ये एक दिवा कायम तेवत ठेवतात. आपण देवळातल्या अशा दिव्याला नंदादीप म्हणतो. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून झाडलोट, दिवाबत्ती, स्वयंपाक सगळं शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत उरकावं लागतं. ही कामं वाटून देण्यासाठी समाजानं माणसं नेमली होती. प्रमुख तो मुकादम, सल्ला देणारे ते चौगुले; हे दोन्ही शब्द आपल्याच गावगाड्यातले. हिशेब ठेवणारा गबई, प्रार्थना सांगणारा हजान आणि जागेची निगा राखणारा शमाश. आपल्या गटात अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष असतात, तसंच हे.

ज्यू धर्मातली एक रीत आम्हाला फार मोलाची वाटली. जगातल्या अनेक सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेत एक आशीर्वाद मागतात. सिनेगॉग बांधणाऱ्यांसाठी तो असतोच. शिवाय दिव्याची सोय करणारे, पाहुण्यांना जेवू घालणारे, गरिबांना दान देणारे आणि समाजाचं काम मनापासून करणारे, अशा सगळ्यांसाठी असतो. आठवड्याला एकदा, सगळ्यांसमोर. म्हणजे इमारत उभी करणारा आणि दिव्याची काळजी वाहणारा, दोघंही एकाच आशीर्वादात.

दुसरी रीत मरणाची. मृतदेहाला अंघोळ घालून पांढरं वस्त्र नेसवायचं काम समाजातले सेवेकरी करतात. पुरुषाचं पुरुष करतात, बाईचं बाया. ही सगळ्यांत खरी दया मानतात, कारण मेलेला माणूस उपकार फेडू शकत नाही.

आता बायांचं बघू. जुन्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा मोठे पुरुष लागतात. बायांची त्यात मोजणी होत नव्हती. पण शुभकार्याला मलिदा लागतो, तो बनवायचा कोणी? भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सुका मेवा, सोबत फळं. एलियाहू पैगंबराचे आभार मानून हा प्रसाद वाटतात. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून शनिवारच्या प्रार्थनेसाठी शरबत करायचं. हे हात मोजणीत नव्हते, पण त्यांच्याशिवाय सण पार पडत नव्हता.

पुढे शिकलेल्या मुली पुढे आल्या. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली. त्याच शाळेच्या १९२२ ते १९५० अशी वर्षानुवर्षं मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. डॉ. जेरुशा झिराड लंडनला जाऊन बाळंतपणाच्या डॉक्टर झाल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार त्यांनी सांभाळला आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या कामातूनही त्या समाजाच्या स्त्री मंडळासाठी वेळ काढत. १९२५ साली मुंबईत प्रार्थनेची नवी, सुधारकी मंडळी उभी राहिली, त्यातही त्या पुढे होत्या. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी आपल्यासारखंच कीर्तन सुरू केलं. त्यांच्या धर्मग्रंथातल्या गोष्टी, पण मराठीत. पुढे ही पदं गाऊन जपण्यात बायांचा वाटा मोठा राहिला. आपल्या भजनी मंडळांना हे वेगळं सांगायला नको.

१९४८ साली इस्रायल देश झाला. तेव्हा भारतात बेने इस्रायल सुमारे २०,००० होते. पुढच्या वर्षांत बहुतेक घरं तिकडे गेली. आता इथे काही हजारच उरले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या काही गावांत आज प्रार्थनेला दहा माणसं जमवणंही अवघड जातं. तरी अलिबागसारख्या ठिकाणी सिनेगॉग उभं आहे. किल्ली सांभाळणारं, कुलूप उघडून झाडू मारणारं कोणीतरी आहे, म्हणून ते उभं आहे. समाज मोठा असतो तेव्हा अशी माणसं दिसत नाहीत. तो लहान झाला की कळतं, सगळा भार त्यांच्याच खांद्यावर होता.

आपल्याकडे काय वेगळं आहे? धापेवाड्याच्या यात्रेत वारकऱ्यांना पाणी पाजणारे हात, अंगणवाडीत वेळेआधी येऊन चूल पेटवणारी मदतनीस, मयतीच्या घरी न बोलावता पिठलं-भाकर पोचवणारी शेजारीण. आपण त्यांना म्हणतो, "तिचं कामच आहे ते." आणि ती गेल्यावर फोटोला हार घालतो.

त्या आजीच्या प्रश्नानंतर आम्ही ग्रामसंघात ठराव केला. दर महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब सुरू होण्याआधी, त्या महिन्यात गटासाठी कोणी काय केलं ते नावानिशी मोठ्यानं वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं. शाल नाही, खर्च नाही. पहिल्या बैठकीत रजिस्टर लिहिणाऱ्या त्या बाईचं नाव वाचलं. ती म्हणाली, "माझं नाव मीच कसं लिहू?" तेव्हा पेन आजीनं घेतला. आजी साक्षरता वर्गात शिकलेल्या, अक्षर वाकडंतिकडं. पण नाव लिहिलं गेलं.

तुमच्या गटातही अशी एखादी असेल. पुढच्या बैठकीत तिचं नाव वाचा, ती समोर बसलेली असताना.